बातम्या वाचणारी साधने आणि वाचक मोजणारी साधने : सिंधुदुर्गातील निवड

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास ज्या ‘दर्पण’पासून सुरू होतो, ते पत्र ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले आणि त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर हे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ले गावचे होते. एकाच अंकात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापण्याची त्यांची मांडणी पाहिली, तर आपला वाचक एकाच प्रकारचा नाही हे त्यांनी आरंभीच गृहीत धरले होते असे दिसते. संपादनाच्या कामाची दोन अंगे तेव्हापासूनच स्पष्ट आहेत : बाहेरच्या जगात काय घडते आहे ते नियमाने वाचणे हे एक, आणि आपले लिखाण कोणाच्या हाती पडते व त्याचे पुढे काय होते हे जाणणे हे दुसरे. ‘दर्पण’च्या काळी पहिल्या कामासाठी डाकेने येणारी पत्रे होती आणि दुसऱ्यासाठी वर्गणीदारांची यादी होती, आज या दोन्ही कामांसाठी स्वतंत्र संगणकीय साधने मिळतात आणि ती एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

सिंधुदुर्ग हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झालेला आठ तालुक्यांचा जिल्हा आहे. मोठ्या मराठी दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्या येथे वाचल्या जातात. परंतु गेल्या काही वर्षांत मालवण, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी यांसारख्या गावांतून छोटी वृत्त-संकेतस्थळे, व्हिडिओ वाहिन्या आणि व्हॉट्सॲपवरील बातमी-गट मोठ्या प्रमाणात चालू लागले आहेत. अशा उपक्रमांत बातमी मिळवणारा, लिहिणारा, छायाचित्र काढणारा आणि जाहिरात आणणारा माणूस पुष्कळदा एकच असतो, त्यामुळे दोन्ही साधने नीट शिकून दोन्हींचा रोज उपयोग करण्याइतका वेळ त्याच्याकडे नसतो, आणि आधी कोणते साधन हाती घ्यावे हा प्रश्न त्याच्यापुरता अगदी व्यावहारिक होतो. प्रस्तुत विवेचन या प्रश्नाचे आहे, आणि त्याचा कल आधी वाचन-साधनाकडे का झुकतो हे किनारपट्टीच्या परिस्थितीतूनच उलगडत जाते.

वृत्तवाचन-साधन, ज्याला सामान्यतः फीड रीडर म्हणतात, ते समजण्यासाठी आधी फीड म्हणजे काय हे पाहावे लागते. संकेतस्थळाचे पान माणसाने वाचावे म्हणून सजवलेले असते. फीड ही त्याच संकेतस्थळावरील ताज्या मजकुराची अशी साधी यादी असते की जी दुसऱ्या संगणकाला सहज वाचता येते, आणि तिच्यात प्रत्येक बातमीचा मथळा, दुवा, प्रसिद्धीची तारीख-वेळ आणि सारांश किंवा पूर्ण मजकूर ठरलेल्या खुणांमध्ये लिहिलेला असतो. या पद्धतीचे आरएसएस नावाचे रूप १९९९ साली नेटस्केप या कंपनीत तयार झाले, २००२ मध्ये त्याची २.० ही आवृत्ती आली आणि ॲटम नावाचे तिचे भावंड २००५ मध्ये इंटरनेटच्या अधिकृत प्रमाणकांत दाखल झाले. फीड रीडर ठरावीक अंतराने या याद्यांकडे जातो, मागच्या भेटीनंतर नवीन काय आले ते उचलतो आणि वाचकाने निवडलेल्या सर्व स्रोतांचा मजकूर काळाच्या क्रमाने एकाच ठिकाणी मांडतो. फीडली, इनोरीडर, न्यूजब्लर ही या प्रकारची प्रचलित साधने आहेत. ईमेलसाठी वापरल्या जाणाऱ्या थंडरबर्डमध्येही ही सोय आहे. वर्डप्रेस या प्रणालीवर उभारलेल्या संकेतस्थळाची फीड आपोआप तयार होते, म्हणून आपल्या छोट्या वृत्त-संकेतस्थळाला फीड आहे हे चालवणाऱ्यालाही ठाऊक नसते असे घडू शकते.

डेलीहंटसारखी ॲप किंवा मोबाईलमध्ये आपोआप बातम्या सुचवणारी सेवा ही या अर्थाने फीड रीडर नव्हे, आणि हा भेद स्पष्ट ठेवणे आवश्यक आहे. डेलीहंटचा आरंभ २००९ मध्ये न्यूजहंट या नावाने झाला आणि भारतीय भाषांतील वृत्तपत्रे मोबाईलवर आणण्यात त्याचा वाटा मोठा आहे. तरीही अशा सेवांमध्ये कोणती बातमी वर दिसावी हे वाचकाच्या मागील वागण्यावरून आणि सेवेच्या स्वतःच्या हिशेबाने ठरते. फीड रीडरमध्ये स्रोत वाचक निवडतो, क्रम घड्याळ ठरवते आणि मध्ये कोणी निवड करीत नाही. ज्याला केवळ करमणुकीपुरते वाचायचे आहे त्याला हा फरक जाणवणार नाही, परंतु ज्याचे काम एकही महत्त्वाची सूचना नजरेतून सुटू न देणे हे आहे, त्याच्यासाठी सुचवलेले आणि निवडलेले यांत फार मोठे अंतर आहे.

मालवण किनाऱ्यावर अशी सूचना म्हणजे काय, हे मासेमारीच्या उदाहरणाने नीट कळते. हैदराबाद येथील इन्कॉइस, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, ही १९९९ मध्ये स्थापन झालेली संस्था उपग्रहांनी टिपलेले समुद्रपृष्ठाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्याचे प्रमाण यांवरून मासे जमण्याची शक्यता असलेली क्षेत्रे वर्तवते, तसेच उंच लाटांचे आणि उधाणाचे इशारे देते. हवामान खात्याचे मुंबईतील प्रादेशिक केंद्र जिल्हावार इशारे काढते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ या व्यवस्थेतून देशभरातील इशारे एका समान, यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात प्रसिद्ध होतात आणि त्यांची फीडही उपलब्ध असते. पत्र सूचना कार्यालयाची प्रसिद्धिपत्रकेही फीडद्वारे मिळतात. हे सर्व स्रोत एका फीड रीडरमध्ये ‘समुद्र’ अशा एका गटात ठेवले, तर ऑक्टोबर किंवा मे महिन्यात अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार होत असताना देवबाग, तारकर्ली, आचरा किंवा देवगडच्या वाचकाला अधिकृत सूचना कोणाच्या तरी पुढे ढकललेल्या अर्धवट संदेशाची वाट न पाहता मिळू शकते.

सिंधुदुर्गाच्या बातमीचे दुसरे वैशिष्ट्य असे की ती जिल्ह्याच्या सीमेत मावत नाही. तेरेखोल नदीच्या पलीकडे गोवा सुरू होतो. तिलारी धरण हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प असल्यामुळे त्याच्या कालव्याला भगदाड पडले तर दोडामार्गातील शेतकरी आणि उत्तर गोव्यातील पाणीपुरवठा या दोघांनाही झळ पोहोचते. दोडामार्गातील रानटी हत्ती कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा यांच्या वनहद्दी ओलांडत फिरतात. आणि किनाऱ्यावरून रापण जाळे ओढणारे पारंपरिक रापणकर व छोटे मच्छीमार यांचा परराज्यांतील वेगवान ट्रॉलर आणि प्रखर दिव्यांच्या साहाय्याने केली जाणारी मासेमारी यांच्याशी चाललेला संघर्ष मालवणच्या सागरी हद्दीत दिसत असला, तरी त्याची मुळे शेजारच्या बंदरांत आणि दिल्लीच्या कायद्यांत असतात. अशा विषयांवर लिहिणाऱ्याने पणजीची आणि बेळगावची पत्रे, मत्स्यव्यवसाय विभागाची परिपत्रके आणि मंत्रालयाची प्रसिद्धिपत्रके रोज पाहिली पाहिजेत. प्रत्येक संकेतस्थळ एकेक करून उघडत बसणे हे दोन दिवस जमते आणि तिसऱ्या दिवशी सुटते. फीड रीडरचे मोल नेमके या तिसऱ्या दिवशी कळते. शासकीय संकेतस्थळांच्या अनेक पानांना फीड नसते ही खरी अडचण आहे; तथापि एखाद्या पानात बदल झाला की कळवण्याची सोय काही सशुल्क वाचन-साधनांत असते, आणि निविदा किंवा अधिसूचना प्रसिद्ध होणाऱ्या पानांसाठी ती वापरता येते.

आता दुसऱ्या साधनाकडे वळता येईल. प्रकाशक-विश्लेषण साधन म्हणजे संकेतस्थळाच्या प्रत्येक पानात बसवलेला एक छोटा प्रोग्राम. वाचकाने पान उघडले की तो प्रोग्राम त्याच्या ब्राउझरमध्ये चालतो आणि पान कोणते, वाचक कोठून आला, उपकरण कोणते, साधारण ठिकाण कोणते, पानावर किती वेळ गेला अशा नोंदी दूरच्या सर्व्हरला पाठवतो. तोच वाचक पुन्हा आला तर ओळखता यावा म्हणून त्याच्या ब्राउझरमध्ये एक लहानशी खूण ठेवली जाते, तिला कुकी म्हणतात. गूगल ॲनालिटिक्स हे या प्रकारचे सर्वाधिक परिचित साधन आहे; ते गूगलने विकत घेतलेल्या अर्चिन या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर आधारून नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू झाले. चार्टबीट आणि पार्सली ही २००९ मध्ये सुरू झालेली साधने विशेषतः वृत्तसंस्थांसाठी घडवलेली असून, या क्षणी कोणत्या बातमीवर किती वाचक आहेत हे ती संपादकाच्या पडद्यावर दाखवतात. आकडे परक्या कंपनीकडे जाऊ नयेत असे वाटणाऱ्यांसाठी, पूर्वी पिविक नावाने ओळखले जाणारे मटोमो हे मुक्त-स्रोत साधन स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते.

या साधनांतील शब्द फसवे आहेत. ‘वापरकर्ता’ म्हणजे माणूस नसून ब्राउझर असतो. एकाच माणसाने मोबाईल आणि कार्यालयातील संगणक दोन्हींवर बातमी वाचली तर दोन वापरकर्ते मोजले जातात, आणि घरातील एका मोबाईलवर तिघांनी वाचली तर एकच मोजला जातो. गूगल ॲनालिटिक्सच्या सध्याच्या आवृत्तीत एखादी भेट दहा सेकंदांपेक्षा अधिक टिकली, किंवा तिच्यात दोन पाने पाहिली गेली, किंवा प्रकाशकाने महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती घडली, तरी ती ‘गुंतलेली भेट’ गणली जाते. दहा सेकंदांत मराठी बातमीचा पहिला परिच्छेदही धड वाचून होत नाही हे ध्यानात घेतले, म्हणजे या संज्ञेचा वाचनाशी संबंध किती सैल आहे ते कळते. चार्टबीटचे तत्कालीन प्रमुख टोनी हेल यांनी २०१४ मध्ये आपल्या कंपनीच्या नोंदींवरून दाखवून दिले होते की निम्म्याहून अधिक भेटींत पानावरील सक्रिय वेळ पंधरा सेकंदांपेक्षा कमी असतो. पान उघडणे आणि पान वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मोजणाऱ्यांनीच मान्य केले, हे त्या मांडणीचे महत्त्व होय.

मोजण्याची ही अडचण छापील युगातही होती. ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही १९४८ मध्ये स्थापन झालेली संस्था खपलेल्या प्रती तपासते, तर वाचक-सर्वेक्षणे एक प्रत किती जण वाचतात याचा अंदाज घेतात. या दोन आकड्यांतील अंतर कोकणात मोठे असणे स्वाभाविक होते, कारण येथे वृत्तपत्र घराबरोबरच चव्हाट्यावर, हॉटेलात, पेढीवर आणि ग्रंथालयातही वाचले गेले. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर, वेंगुर्ल्याचे नगर वाचनालय यांसारख्या जुन्या संस्थांच्या टेबलांवर एकेका प्रतीला दिवसभर वाचक मिळत. त्या वाचकांची गणती कोणी केली नाही, तरी संपादकाला ते माहीत होते, कारण पत्रव्यवहारातून, बाजारात भेटणाऱ्या लोकांतून आणि तक्रार घेऊन येणाऱ्यांतून ते त्याच्यापुढे येत असत.

आजच्या सिंधुदुर्गात विश्लेषण-साधनाचे आकडे कोठे चुकतात हे बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण हे साधन बनवणाऱ्यांनी ज्या वाचकाची कल्पना केली त्याहून येथील वाचक पुष्कळ वेगळा आहे. पहिली गोष्ट व्हॉट्सॲपची. बातमीचा दुवा गटात टाकला जातो, तेथून दुसऱ्या गटात जातो, आणि वाचक त्यावर बोट ठेवतो तेव्हा तो कोठून आला याची माहिती बहुतेक वेळा ब्राउझरपर्यंत पोहोचत नाही. साधन मग त्या भेटीची नोंद ‘थेट’ अशा सदरात करते, जणू वाचकाने संकेतस्थळाचा पत्ता स्वतः लिहून ते उघडले. गटातच संपूर्ण मजकूर चिकटवला गेला, किंवा बातमीचे चित्र करून पाठवले गेले, तर त्या वाचनाची नोंद मुळीच होत नाही. म्हणजे ज्या बातमीची गावागावांत सर्वाधिक चर्चा झाली तिचा आकडा सर्वांत कमी दिसणे अगदी शक्य आहे.

दुसरी गोष्ट ठिकाणाची. विश्लेषण-साधन वाचकाचे गाव त्याच्या इंटरनेट पत्त्यावरून ओळखते. घरात तारेने आलेल्या जोडणीसाठी हा अंदाज बऱ्यापैकी जमतो, पण मोबाईल जोडणीचा पत्ता कंपनीच्या एखाद्या मोठ्या केंद्राशी जोडलेला असतो, म्हणून मसुरे किंवा कट्टा यांसारख्या गावात बसून वाचणारा माणूस मुंबई वा पुण्याचा म्हणून नोंदला जाऊ शकतो. दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात ही केवळ तांत्रिक चूक ठरली असती. सिंधुदुर्गात मात्र ती संपादकाची पूर्ण दिशाभूल करते, कारण येथील बातमीला मुंबईत खरोखरच प्रचंड वाचकवर्ग आहे. लालबाग, परळ, भांडुप, डोंबिवली, नालासोपारा येथे राहणारा चाकरमानी गावच्या बातमीवर जीव लावून असतो आणि त्याचे प्रश्न गावात राहणाऱ्यापेक्षा वेगळे असतात : महामार्गाचे काम कोठवर आले, गणपतीच्या जादा गाड्यांचे आरक्षण कधी उघडणार, गावच्या जमिनीच्या नोंदीचे काय झाले हे त्याला हवे असते, तर गावातल्याला तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर आहे का, वीज कधी येणार आणि बांगड्याचा आजचा दर काय हे हवे असते. पडद्यावर ‘मुंबई’ असे लिहून येणाऱ्या आकड्यात हे दोघेही एकत्र मिसळलेले असतात, आणि त्यांना वेगळे करण्याचा मार्ग त्या साधनाजवळ नाही.

तिसरी गोष्ट आपत्तीची. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा झाडे आणि विजेचे खांब कोसळले, मालवण, देवगड, वेंगुर्ले या भागांत वीजपुरवठा बंद पडला आणि मोबाईलची सेवाही विस्कळीत झाली. अशा दिवशी स्थानिक वाचकाला बातमीची सर्वाधिक गरज असते आणि नेमका त्याच दिवशी तो साधनाच्या नोंदीतून नाहीसा होतो, तर दूरच्या शहरातून काळजीपोटी पुन्हा पुन्हा पान उघडणाऱ्यांचा आकडा वाढतो. अशीच दिशाभूल २६ ऑगस्ट २०२४ सारख्या दिवसानंतरही संभवते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा, ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला पुतळा त्या दिवशी कोसळला आणि संपूर्ण देशाचे लक्ष मालवणकडे वळले. अशा वेळी स्थानिक संकेतस्थळाचा आकडा वाढला तर तो बाहेरच्या वाचकांनी वाढवलेला असतो, आणि या क्षणाचे आकडे दाखवणारा पडदा संपादकाला त्याच विषयावर आणखी लिहायला खुणावत राहतो. ते वाचक परत जातात. त्या काळात दुर्लक्षित राहिलेली तालुक्याची कामे मात्र तेथेच असतात.

या चुका काही अंशी दुरुस्त करता येतात. दुव्याच्या शेवटी एक खूण जोडली, जिला अर्चिनच्याच आद्याक्षरावरून यूटीएम म्हणतात, तर तो दुवा व्हॉट्सॲपच्या कोणत्या गटासाठी तयार केला होता हे विश्लेषण-साधनाला कळते. मालवण तालुक्याच्या गटासाठी एक आणि मुंबईतील गावमंडळांच्या गटासाठी दुसरी अशा दोनच खुणा केल्या तरी ‘थेट’ या सदरातील बराच अंधार दूर होतो. दुवा पुढे ढकलला गेला तरी खूण त्याच्यासोबतच राहते, म्हणून तालुक्याच्या गटातून मुंबईला गेलेल्या वाचनाची नोंद तालुक्याच्या नावावर होते, हे मात्र लक्षात ठेवावे लागते. ज्यांना एवढेही जमत नाही त्यांनी कोणत्या बातमीवर किती लोकांनी दूरध्वनी केला, किती जण चूक सांगायला आले याची वही ठेवली तरी ती पडद्यावरच्या पुष्कळ आलेखांहून अधिक खरी माहिती देते.

दोन्ही साधने एकमेकांना पाहू शकत नाहीत, ही बाबही निवड करताना विचारात घ्यावी लागते. फीड रीडरमध्ये पूर्ण मजकूर वाचणाऱ्याच्या बाबतीत पान उघडतच नाही, त्यामुळे पानातला मोजणारा प्रोग्राम चालत नाही आणि सर्वांत निष्ठावान वाचक मोजणीच्या बाहेर राहतो. या दोहोंना जोडणारा एक पूल काही काळ अस्तित्वात होता : २००४ मध्ये सुरू झालेली आणि २००७ मध्ये गूगलने विकत घेतलेली फीडबर्नर ही सेवा फीडचे वर्गणीदार मोजून देत असे. आजही फीडलीसारखी साधने एखाद्या संकेतस्थळाची फीड आणायला जाताना आपल्याकडे तिचे किती वर्गणीदार आहेत हा आकडा आपल्या ओळखीसोबत सांगतात आणि तो संकेतस्थळाच्या सर्व्हरच्या नोंदवहीत उमटतो. ती नोंदवही उघडून पाहण्याचे कष्ट घेतले, तर ‘दर्पण’कालीन वर्गणीदारांच्या यादीची जागा घेणारी एक छोटीशी, पण भरवशाची संख्या हाती लागते.

एवढ्यावरून निवडीची दिशा स्पष्ट होते. मच्छीमार सहकारी संस्था, ग्रामपंचायत, शाळा, ग्रंथालय किंवा निव्वळ जागरूक वाचक यांना विश्लेषण-साधनाची गरजच नाही. त्यांना हवे आहे ते अधिकृत स्रोत न चुकता वाचण्याचे साधन, आणि त्यासाठी फीड रीडरची विनामूल्य आवृत्ती पुरते. छोट्या वृत्त-संकेतस्थळानेही आधी वाचन-साधन घ्यावे, कारण त्याची खरी उणीव आकड्यांची नसून स्रोतांची असते. जिल्हाधिकारी कार्यालयातून आलेले प्रसिद्धिपत्रक जसेच्या तसे सर्व गटांत फिरते आणि त्याच विषयावर गोव्यात किंवा दिल्लीत झालेला निर्णय कोणाच्याच नजरेस पडत नाही, ही परिस्थिती वाचक मोजून सुधारणारी नाही. विश्लेषण-साधन आधी घेण्याचे समर्थनीय कारण एकच दिसते, ते म्हणजे जाहिरात. तारकर्लीतील निवास-न्याहारी चालवणारा किंवा हापूसच्या पेट्या विकणारा बागायतदार आपली जाहिरात किती जणांनी पाहिली हे विचारणारच, आणि त्याला उत्तर देण्यासाठी गूगल ॲनालिटिक्स किंवा मटोमोचा मासिक अहवाल पुरेसा आहे. क्षणाक्षणाचे आकडे दाखवणारी महागडी साधने शेकडो बातम्या आणि अनेक संपादक असलेल्या वृत्तसंस्थांसाठी आहेत. दिवसाला दहा-पंधरा बातम्या देणाऱ्या कार्यालयात त्यांचा पडदा केवळ मन विचलित करतो. शिवाय कुकीद्वारे गोळा होणारी माहिती वाचकाची खासगी माहिती ठरू शकते आणि २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने तिच्याबाबत जबाबदारी येते, हाही विचार छोट्या प्रकाशकाने करायला हवा.

ज्याचे स्वतःचे संकेतस्थळ आहे त्याने फीडविषयी दोन गोष्टी तपासाव्यात. वर्डप्रेसची फीड मुळात शेवटच्या दहाच नोंदी दाखवते, म्हणून गर्दीच्या दिवशी वाचन-साधनाच्या दोन फेऱ्यांमध्ये दहाहून अधिक बातम्या गेल्या तर मधल्या हरवतात. ही संख्या वाढवता येते. तसेच ई-पेपरची पाने चित्ररूपात असतील, किंवा मजकूर युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये असेल, तर फीड, शोधयंत्र आणि अंध वाचकांसाठीची वाचक-यंत्रे या तिघांनाही तो वाचता येत नाही, आणि जिल्ह्याच्या इतिहासाचे ते कागद पुढे कोणाला शोधूनही सापडणार नाहीत.

साधन किती टिकेल हाही निवडीचा भाग आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये सुरू झालेला गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाला, तरी त्याच्या वापरकर्त्यांना आपल्या स्रोतांची यादी ओपीएमएल नावाच्या साध्या धारिकेत उतरवून दुसऱ्या साधनात नेता आली. गूगल ॲनालिटिक्सची जुनी आवृत्ती १ जुलै २०२३ रोजी थांबली तेव्हा तिच्यातील नोंदी नव्या आवृत्तीत नेता आल्या नाहीत, आणि २०२४ च्या जुलैपासून त्या काढून टाकण्यात आल्या. ज्यांनी मासिक अहवाल उतरवून ठेवले नव्हते त्यांची अनेक वर्षांची मोजणी गेली. नव्या आवृत्तीतही तपशीलवार विश्लेषणासाठी लागणाऱ्या नोंदी मुळात दोनच महिने राखल्या जातात आणि ती मुदत हाताने बदलून चौदा महिने करावी लागते. ठरलेल्या अहवालांतील एकत्रित बेरजांना ही मर्यादा लागू नाही.

चौदा महिने सिंधुदुर्गासाठी किमान आवश्यक आहेत, कारण येथील वाचन वर्षाच्या चक्राने चालते : १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मग नारळी पौर्णिमा, गणपती, दिवाळीनंतर पर्यटक, दशावताराचा हंगाम, जत्रा आणि शेवटी आंबा. परंतु गेल्या वर्षीचा सप्टेंबर आणि यंदाचा सप्टेंबर शेजारी ठेवणारी साधनाची तयार तुलना येथे उपयोगाची नाही, कारण गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली. चाकरमानी गावी येण्याआधीचे पंधरा दिवस आणि तो आल्यानंतरचे दहा दिवस अशी तुलना तारखा स्वतः भरून करावी लागते. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला तर ठरलेली तिथीही नाही. देवीचा कौल घेऊन ग्रामस्थ दर वर्षी दिवस ठरवतात, तो जाहीर झाला की मुंबईतील घराघरांत रजेचे अर्ज आणि कोकण रेल्वेच्या आरक्षणाची धावपळ सुरू होते, आणि रेल्वेने नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणल्यामुळे त्या धावपळीचे गणितही बदलले आहे. तारीख जाहीर होण्याची बातमी प्रथम मिळावी म्हणून फीड रीडरमध्ये त्या परिसरातील स्रोतांचा एक गट करून ठेवणे, आणि जाहीर झालेल्या दिवसापासून जत्रा संपेपर्यंतचे दिवस विश्लेषण-साधनात स्वतंत्र कालखंड म्हणून नोंदवणे, अशी दोन्ही कामे मालवणच्या छोट्या वृत्तकार्यालयाला एका माणसाच्या बळावर करता येतात.